घर कुठे ठेवायचे?

आमच्या साकोलीतून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. रात्रभर ट्रक धावत असतात, त्यामुळे गाव पूर्ण झोपले असे कधी वाटत नाही. 2007 च्या उन्हाळ्यात मात्र भारनियमन सुरू झाले की घरेदारे काळोखात बुडून जात. त्याच उन्हाळ्यात नागपूरचा मामेभाऊ जुना प्लेस्टेशन टू घेऊन आमच्याकडे आला आणि माझी दहावीची सुट्टी त्या काळ्या डब्यापुढे गेली.

डिस्क बऱ्याच होत्या. मुलांची झुंबड गाड्यांच्या आणि मारामारीच्या खेळांवर. ‘डार्क क्लाउड’ नावाची एक डिस्क मात्र कुणी हातात घेत नव्हते. जपानच्या लेव्हल-फाइव्ह या कंपनीचा हा पहिला खेळ, 2000 साली आलेला. ही कंपनी पुढे मोठी झाली, पण हा खेळ मागेच राहिला. मी तो लावला, कारण बाकीच्या डिस्कसाठी नंबर लागत नव्हता.

गोष्ट साधी आहे. एक दुष्ट जिन येतो आणि नोरून नावाचे गाव उद्ध्वस्त करतो. पऱ्यांचा राजा त्या गावाचे तुकडे जादूच्या गोळ्यांत बंद करून वाचवतो. तोआन नावाच्या मुलाने गुहेत उतरायचे, राक्षसांशी लढायचे आणि ते गोळे शोधून आणायचे. गुहेतल्या वाटा दर वेळी बदलतात. तोआनला तहान लागते. तलवार वेळेवर दुरुस्त केली नाही तर कायमची मोडते. पण खरी मजा वर आल्यावर. घरे, झाडे, नदी, पूल, पवनचक्क्या आपल्या हाताने मांडायच्या. नुसत्या भिंती उभ्या करून भागत नाही. घरातली माणसे आणि सामानही त्यात नेऊन ठेवावे लागते. मग ती माणसे आपली इच्छा सांगतात. कुणाला अमका शेजारी हवा, कुणाला घर अमक्या ठिकाणी हवे. सगळ्यांचे समाधान झाले तरच गाव पूर्ण झाले म्हणायचे.

नानी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. वैनगंगेच्या काठी तिचे गाव. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हापासून एकोणीस वर्षे ‘गाव उठणार’ हे तिने ऐकले होते. जिनची गोष्ट तिला समजावून सांगावी लागली नाही.

विड्या वळता वळता ती पडद्याकडे बघत बसायची. एकदा मी एका म्हाताऱ्याचे घर उचलून दुसरीकडे ठेवत होतो. नानीने विचारले, “ये क्या कर रहा रे?”

“नानी, उसको इधर होना बोलता.”

“पूछ के घर रखते?” तिचा हात थांबला. “अच्छा है.”

तिची जन्माची सोबतीण भिंतीला भिंत लागून राहणारी धीवरीण होती. ईदचा शीरखुर्मा पहिला तिच्या घरी जायचा आणि नदीची पहिली मासोळी आमच्या घरी यायची. नव्या गावठाणातले प्लॉट क्रमांकाने पडले. दोघींच्या मध्ये तीन गल्ल्या आल्या. म्हाताऱ्या गुडघ्यांना तीन गल्ल्या म्हणजे दुसरा तालुकाच.

थोड्या वेळाने नानीने दुसरा प्रश्न केला, “और कब्रस्तान किधर है?”

मी सगळे तुकडे धुंडाळले. तळे होते, पूल होता, पवनचक्की होती. कब्रस्तान नव्हते. मी तसे सांगणार तेवढ्यात वीज गेली. मेमरी कार्डवर खेळ साठवला नव्हता. दुपारभर उभारलेले गाव गेले. मी चिडून कंट्रोलर आपटला. अंधारात नानी हळूच म्हणाली, “फिर बना ले बेटा. तेरा फिर बनता.”

त्या वेळी मला ते सांत्वन वाटले.

पुढे पाणी चढले. माझ्या नानांची कबर जुन्या कब्रस्तानात होती आणि त्यांच्या शेजारची जागा नानीने मनात धरून ठेवली होती. ती 2011 मध्ये आमच्याकडेच गेली. तिला साकोलीच्या मातीत ठेवले. तीन गल्ल्यांपलीकडची तिची मैत्रीण एस. टी. बदलत आली आणि अम्मीच्या गळ्यात पडून खूप रडली.

2015 मध्ये हाच खेळ प्लेस्टेशन फोरवर पुन्हा निघाला. नोकरीच्या गावी मी तो विकत घेतला. नोरूनची सगळी घरे मांडली, प्रत्येकाची इच्छा पुरी केली. मग नदीच्या काठी, दोन झाडांच्या मधोमध थोडी जागा मोकळी ठेवली. खेळाने तिचा कसलाच हिशेब मागितला नाही. मी खेळ साठवला, दोनदा तपासून पाहिला आणि मगच बंद केला.