फाळक्याच्या वरचा थर

रत्नागिरी ते कोल्हापूर अंतर जेमतेम 130 किलोमीटर. तेवढ्यात समुद्र, सडे, भातखाचरं, सह्याद्रीची भिंत आणि वर गेल्यावर उसाचा मुलूख असं सगळं लागतं, म्हणून हा रस्ता मला मनापासून आवडतो. जानेवारीचे दिवस होते. कोल्हापुरात भाचीचा साखरपुडा होता. गाडी मी चालवत होतो, शेजारी मामा आणि मागे ताई. ताईच्या पायाशी शहाळी आणि कोकम आगळाच्या बाटल्या. मामांची उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पुढच्या गाडीकडे बघायची त्यांची नजर तीच आहे.

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागलो आणि पालीकडे निघालो. आंब्याला मोहोर आला होता. काच खाली केली की तो वास थेट आत यायचा. चौपदरीकरणासाठी जागोजागी डोंगर उभा कापलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंना जांभ्याचे लालभडक काठ दिसत होते. जांभा हा विलक्षण दगड आहे. जमिनीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, सहज कापता येतो आणि वारा लागला की घट्ट होत जातो. याच जांभ्याच्या सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कातळशिल्पं कोरली आणि याच जांभ्याचे चिरे रचून कोकणातली घरं उभी राहिली. आता खाणीत यंत्राची पाती फिरतात, एकसारखे चिरे निघतात आणि ट्रक भरभरून घाटावर जातात. एक चिरा साधारण तीस किलोचा. दोन्ही हातांनी उचलताना कंबर सांभाळावी लागते.

साखरप्याला चहा घेतला. मुर्शी मागे पडली आणि आंबा घाट सुरू झाला. 2021 च्या जुलैतल्या पावसाने या घाटाची दैना केली होती. दरडींच्या खुणा अजून दिसतात. पण जानेवारीत हे रान शांत असतं. दरीत धुकं, कड्यावर कोवळं ऊन, मधूनच रस्ता ओलांडणारी वानरं.

दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर पुढे चिऱ्यांचा ट्रक दिसला. पहिल्या गियरवर कण्हत चढत होता. मागचा फाळका लावलेला होता, पण चिरे फाळक्याच्या वर दोन थर चढवलेले. त्या वरच्या थरांना ना दोर, ना जाळी, ना ताडपत्री. ट्रक खड्ड्यातून गेला की वरच्या ओळीतून लाल भुकटी गळायची.

"अंतर वाढव," मामा म्हणाले. "याच्या मागे राहायचं नाही आणि ओव्हरटेकची घाईही करायची नाही. पुढे रुंद जागा येईल."

मी गाडी मागे ठेवली. तेवढ्यात आमच्या डावीकडून एक मोटारसायकल पुढे सरकली. नवरा-बायको असावेत. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तिच्या नव्हतं. तिने मांडीवर कापडी पिशवी धरली होती. ट्रकला ओलांडायला जागा नव्हती, म्हणून ते दोघं ट्रकच्या मागेच, फाळक्यापासून पंधरा-वीस फुटांवर चालत राहिले. मामांनी माझ्या हातावरून हात घालून हॉर्न दाबला. त्या मुलाने आरशात पाहिलं. आम्हाला पुढे जायचंय असं वाटून तो आणखी डावीकडे सरकला. राहिला मात्र ट्रकच्या मागेच.

गायमुखाच्या अलीकडे चढाचं एक आवळलेलं वळण आहे. ट्रकवाल्याने तिथे गियर बदलला. क्लच सुटला, ट्रकला हिसका बसला आणि वरच्या थरातला टोकाचा चिरा आधी नुसता पुढे आला. मी तो पाहिला. फाळक्याच्या कडेवर तो अर्धा बाहेर झुकला, क्षणभर तसाच राहिला आणि पडला. त्याच्यामागे आणखी तीन आले.

पहिला चिरा डांबरावर आपटून फुटला. आवाज गाडीच्या बंद काचेतून पोटात गेला. दुसरा फुटला नाही, तो कोपऱ्यावर आपटून उसळला आणि उताराने मोटारसायकलच्या दिशेने आला. मुलाने हँडल डोंगराच्या बाजूला फिरवलं आणि गाडी आडवी झाली. ती दोघं गटाराच्या काठाला घसरत गेली. तो चिरा त्यांच्या मागच्या चाकाला घासून पुढे आला, आमच्या बंपरखाली अडकला आणि थांबला. तिसरा-चौथा दरीच्या कडेला गेले. ताई "अगं बाई गं!" म्हणून ओरडली. मी ब्रेक दाबला होता, हँडब्रेकही ओढला होता, तरी पाय पेडलवरून निघेना.

दहा फूट उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला पाऊण सेकंद पुरतो आणि तोपर्यंत त्याचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. माणसाला धोका दिसून हात-पाय हलेपर्यंत जवळपास तेवढाच वेळ जातो. त्या मुलाने हँडल फिरवलं ते दगड पडताना पाहून नाही. दगड उसळल्यावर त्याला तेवढीच एक संधी मिळाली. पहिलाच चिरा त्यांच्यावर आला असता तर हेल्मेटचाही उपयोग झाला नसता.

मामा माझ्या आधी उतरले. "गाडीचे इंडिकेटर चालू ठेव, मागच्या वळणावर कुणाला तरी उभं कर," एवढं सांगून ते त्या दोघांकडे गेले. मागून आलेल्या जीपमधल्या पोरांनी वळणावर जाऊन हातवारे सुरू केले. उतरणारी एसटी थांबली आणि तिचा कंडक्टर पाण्याची बाटली घेऊन धावत आला. मुलीचा उजवा हात मनगटापासून वाकडा झाला होता. ती रडत नव्हती, सारखी नवऱ्याला "तुम्हाला लागलं का हो?" एवढंच विचारत होती. त्याचा गुडघा सोलला होता. पिशवीतून डबा बाहेर पडून भाकरी रस्त्यावर आली होती. ताईने आपली ओढणी फाडून तिचा हात फळकुटाला बांधला. मी 108 ला फोन लावला.

ट्रकवाल्याला मागे काय झालं याचा पत्ताच नव्हता. जीपमधला एक पोरगा पुढे गेला आणि त्याला थांबवून घेऊन आला. ट्रकवाला पंचविशीचा असेल. फुटलेला चिरा पाहिला आणि तो रस्त्याच्या कडेला खालीच बसला.

"काय करू सायेब, भरलंय त्यांनी. आम्ही नुसतं न्यायचं."

मामा त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी त्याला उठवून ट्रककडे नेलं, मीही मागे गेलो. त्यांनी फाळक्यावर हात ठेवला. "हे बघ. उतारावर माल पुढे सरकतो, त्याला केबिनची भिंत असते. चढावर मागे सरकतो, तेव्हा त्याला हा फाळका. फाळक्याच्या वर जे आहे त्याला काय आहे? गियर टाकताना तू जो हिसका देतोस, तोच त्याला ढकलतो." पोरगा मान हलवत राहिला. मग हळूच म्हणाला की खाणीत भरणाऱ्यांना नगावर पैसे मिळतात, त्याला खेपेवर. बांधायला बसलं तर दिवसातली एक खेप बुडते आणि बांधायचे पैसे कुणीच देत नाही.

संपूर्ण प्रवासात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. भरण्याची मजुरी आहे, वाहण्याचं भाडं आहे, उतरवण्याची हमाली आहे. पण माल जागच्या जागी राहील याची काळजी घ्यायचं काम कुणाच्याच हिशेबात नाही. म्हणून ते होत नाही.

कायदा नाही असं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, वाहनाच्या बाजूंबाहेर, मागे-पुढे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर माल गेला तर 20,000 रुपये दंड आहे आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनवाल्यावरच. त्याआधी 2014 मध्ये ट्रकच्या मागे सळया बाहेर काढून नेण्यावर बंदी आली. त्या सळयांनी मागून येणाऱ्या कितीतरी माणसांचे जीव घेतले होते, म्हणूनच ती आली. तरीही लाल फडकं बांधून लोंबणाऱ्या सळया मी आजही पाहतो. दोन जादा थर म्हणजे फार नव्हे, असं खाणीतल्या माणसाला वाटत असेल. पण शंभर चिरे म्हणजे तीन टन वजन होतं आणि ते सगळं फाळक्याच्या वर, कशाच्याही आधाराविना.

रुग्णवाहिका आली, पोलीस आले, जबाब झाले. आम्ही सगळ्यांनी मिळून रस्त्यावरचे तुकडे गटाराकडे ढकलले. उताराने येणारी दुचाकी घसरायला मूठभर भुकटीही पुरते. आंबा गावात पोचेपर्यंत ताई काही बोलली नाही.

पुढचा रस्ता मी वेगळ्याच नजरेने पाहिला. मलकापूरच्या कडवी नदीचं पात्र, शाहूवाडीची हिरवी टेकाडं, लांबवर पन्हाळ्याचा माथा, हे सगळं होतंच. पण माझं लक्ष प्रत्येक वाहनाच्या पाठीवर. गळिताचा हंगाम असल्याने ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला. मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून दुचाकी सरकत होत्या. एका टेम्पोत कपाट उभं आणि त्याला धरून एक पोरगा उभा. चाळीसच्या वेगात तो पोरगा त्या कपाटाला काय धरणार?

बांबवड्याला थांबलो तेव्हा एक माणूस टेम्पोत बांबू बांधत होता. पन्नाशीचा, कपाळावर गंध. बांबूंची टोकं त्याने केबिनच्या बाजूला सारखी लावली, मधून आणि मागून असे दोन वेढे घेतले. मग दोराच्या वेढ्यात एक दांडकं घातलं आणि पीळ देत गेला. एक पीळ, दुसरा, तिसरा. दोर तारेसारखा ताणला गेला. दांडकं सुटू नये म्हणून त्याने त्याचं टोक बांबूलाच बांधलं. शेवटी दोन्ही हातांनी सगळा भारा जोरात हलवून पाहिला. तो हलला नाही. मामा त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "छान बांधलंत हो." तो नुसता हसला आणि म्हणाला, "मागनं आपलीच माणसं येत्यात की." त्याचं सगळं काम पाच मिनिटांत झालं होतं.

संध्याकाळी साखरपुड्याच्या गडबडीतून बाहेर येऊन मोटारसायकलवरच्या त्या मुलाला फोन केला. बायकोच्या मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं. ती बरी होती. ट्रकवाल्यावर गुन्हा नोंदवला होता. चिरे भरून देणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

माझी विनंती ट्रकवाल्यांना आहेच, पण त्याआधी ती तुम्हाला आहे. घर बांधायला काढलं असेल, कुंपण घालायचं असेल, चिरे, वाळू, सळया, पाइप काहीही मागवत असाल, तर भाव ठरवताना बांधणीचंही ठरवा. फाळक्याच्या वर एकही थर नको, वरून जाळी किंवा ताडपत्री हवी, दोर आवळलेला हवा, असं खाणवाल्याला आधी सांगा. एका खेपेत बसत नसेल तर दुसऱ्या खेपेचं भाडं द्या. बांधणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. रस्त्यात असा ट्रक दिसला तर त्याच्या मागे राहू नका. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कुठेही 112 या क्रमांकावर फोन करा, गाडीचा नंबर सांगा. आणि माल तुमच्या दारात आला की फाळका उघडण्याआधी वरचा थर एकदा बघा. बांधलेला नसेल तर पुढची खेप त्या माल देणाऱ्याकडून घेऊ नका.