शून्य आणि रिकामा रकाना : कॅनडाच्या निवडणूक-तक्त्यांची गोष्ट

१.
१८६७ साली कॅनडात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्या निकालांचे तक्ते ऑनलाइन ज्ञानकोशासाठी मांडायला बसलेल्या एका स्वयंसेविकेला अडवले ते एका लहानशा रकान्याने. मतदारसंघात उमेदवार एकच, आणि तो निवडून आलेला. शेजारचा रकाना मतांचा. तिथे काय लिहावे? शून्य लिहिले, तर एकही मत न मिळवता माणूस संसदेत पोहोचला असा अर्थ होईल. काहीच न लिहिले, तर नोंद हरवली असे वाटेल. हा धागा त्या रकान्याविषयी आहे.

२.
विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशात कॅनडाच्या मतदारसंघांची शेकडो पाने आहेत. प्रत्येक निवडणुकीसाठी ठरलेला साचा असतो : पक्षाच्या रंगाची पट्टी, उमेदवार, मते, टक्केवारी, मागील वेळेपेक्षा झालेला फरक. तळाशी वैध मते, बाद मते, पात्र मतदार. दिवसाची नोकरी आटोपून ती रात्री तासभर हे साचे भरते. मानधन नाही, पानावर नाव नाही. काम कारकुनी वाटते. पण साच्यातला प्रत्येक रकाना इतिहासाला एक प्रश्न विचारतो, आणि कधी कधी इतिहासापाशी त्या प्रश्नाचे उत्तर नसते.

३.
१८६७ ची निवडणूक ७ ऑगस्ट ते २० सप्टेंबर अशी सहा आठवडे चालली. वेगवेगळ्या मतदारसंघांत वेगवेगळ्या दिवशी मतदान होई. न्यू ब्रन्सविकचा अपवाद वगळता ते उघड असे. मतदार चारचौघांत उमेदवाराचे नाव उच्चारी आणि अधिकारी ते टिपून घेई. जिथे एकच नाव पुढे येई, तिथे ते नाव सुचवण्याच्या दिवशीच निकाल जाहीर होई. मत मागितलेच गेले नाही, मग ते शून्य कसे असेल? अशा रकान्यात शब्दच हवा : ‘बिनविरोध’.

४.
या एका शब्दाचे परिणाम दूरवर जातात. बिनविरोध जागांवरचे मतदार देशाच्या एकूण मतसंख्येत कुठेच येत नाहीत. म्हणजे ज्या पक्षाचे बालेकिल्ले इतके भक्कम की तिथे कोणी उभेच राहिले नाही, त्या पक्षाची मते कागदावर कमी दिसतात. १८६७ च्या ‘राष्ट्रीय टक्केवारी’ची आजच्या टक्केवारीशी तुलना करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. तक्त्याखालची एक ओळीची टीप हे सांगू शकते. ती नसेल, तर बेरीज बिनचूक असूनही वाचक फसतो.

५.
त्याच निवडणुकीत आणखी एक रिकामी ओळ आहे. क्वेबेकमधील कामुरास्का मतदारसंघात दंगल उसळली आणि निवडणूक होऊच शकली नाही. १८१ जागांच्या सभागृहात एक जागा रिती राहिली. ती १८६९ च्या पोटनिवडणुकीत भरली. इथे ‘बिनविरोध’ चालत नाही, शून्य चालत नाही, आणि ओळ गाळून टाकणे तर सर्वांत वाईट. कारण ती गाळली की दंगलही गाळली जाते. तिने रकाने एकत्र जोडून सबंध ओळीवर एकच वाक्य लिहिले : दंगलीमुळे निवडणूक झाली नाही.

६.
तिची मोठी चूक घडली ती हॅलिफॅक्सच्या पानावर. नोव्हा स्कॉशियातील हा मतदारसंघ दोन सदस्य निवडून देई. १९६८ च्या निवडणुकीपासून ही पद्धत संपली. तोवर हॅलिफॅक्सच्या प्रत्येक मतदाराला दोन मते असत. एका जुन्या निवडणुकीचा तक्ता भरताना तिने नेहमीच्या सवयीने सर्व उमेदवारांच्या मतांची बेरीज केली, तिला पात्र मतदारांच्या संख्येने भागले आणि पान जतन केले. मतदानाची टक्केवारी शंभराच्या पुढे गेली होती. रात्र बरीच झाली होती. तिच्या ते लक्षात आले नाही.

७.
दोन दिवसांनी चर्चापानावर एका वाचकाचा प्रश्न आला. भाषेवरून तो विद्यार्थी असावा. त्या काळी हॅलिफॅक्समध्ये बोगस मतदान सर्रास होत असे का, असे त्याने विचारले होते. त्यावर तो निबंध लिहिणार होता. ती चपापली. तिच्या एका भागाकाराने एका शहराच्या मतदारांवर आरोप ठेवला होता. त्या आरोपाला उत्तर द्यायला त्यांतले कोणीही हयात नव्हते.

८.
दुरुस्ती वाटते तितकी सोपी नव्हती. बेरीज निम्मी करावी, हा पहिला विचार. पण दोन मते असलेला प्रत्येक जण दोन्ही मते देतोच असे नाही. आपल्या आवडत्या उमेदवाराला एक मत देऊन दुसरे मुद्दाम न वापरण्याची चाल अशा मतदारसंघांत जुनीच. समजा, एकूण ६,००० मते पडली. सर्वांनी दोन-दोन दिली असतील, तर मतदार ३,०००. काहींनी एकच दिले असेल, तर त्याहून अधिक. निम्मी बेरीज म्हणजे किमान संख्या. खरी संख्या त्या बेरजेतून निघत नाही. भारतातही १९५१-५२ आणि १९५७ च्या लोकसभा निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते. १९६१ च्या कायद्याने ते रद्द झाले. त्या आकड्यांपुढेही हाच पेच उभा राहतो.

९.
मतांचा स्तंभ कसाबसा सावरला की पक्षाचा स्तंभ समोर येतो. आज मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली पक्षाचे नाव असते. कॅनडात संघीय निवडणुकीत ही सोय झाली ती १९७० च्या कायद्याने, आणि प्रथम वापरली गेली १९७२ साली. त्यापूर्वी मतपत्रिकेवर नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढेच असे. १८७८ ची सार्वत्रिक निवडणूक गुप्त मतदानाने झालेली पहिली. तिच्याआधी तर बहुतेक ठिकाणी मतपत्रिकाच नव्हती. म्हणजे शंभर वर्षांच्या तक्त्यांत दिसणारे पक्ष मतदारासमोरच्या कागदावर छापलेले नव्हते. ते वृत्तपत्रांतून, भाषणांतून आणि नंतर सभागृहात कोण कोणाच्या बाजूला बसले यावरून ठरवलेले आहेत.

१०.
नोव्हा स्कॉशियाचेच उदाहरण घ्यावे. १८६७ मध्ये या प्रांतातील १९ पैकी १८ जागा महासंघात सामील होण्याला विरोध करणाऱ्यांनी जिंकल्या. महासंघाच्या बाजूचे एकटे चार्ल्स टपर निवडून आले. विरोधकांचे नेते जोसेफ हाऊ. जानेवारी १८६९ मध्ये हेच हाऊ पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि हॅन्ट्स मतदारसंघातून पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. जागा तीच, माणूस तोच. पट्टीचा रंग मात्र बदलला. साचा विचारतो, जागा ‘राखली’ की ‘हिसकावली’? दोन्ही उत्तरे चूक ठरतात. तिने तो रकाना वगळला आणि घडले ते खाली दोन ओळींत सांगितले.

११.
सर्वांत निरुपद्रवी दिसणारी ओळ तळाशी असते : पात्र मतदार. पण पात्र कोण, हे कायदा ठरवी. १९१७ च्या युद्धकालीन कायद्याने सैनिकांच्या जवळच्या नात्यातील स्त्रियांना मत दिले. त्याच कायद्याने शत्रुदेशांत जन्मलेल्या आणि ३१ मार्च १९०२ नंतर नागरिकत्व मिळालेल्या बहुसंख्य लोकांचे मत काढून घेतले. संघीय निवडणुकीत स्त्रियांना सर्वसाधारण मताधिकार मिळाला तो १९१८ मध्ये. कायद्याने ‘इंडियन’ म्हणून नोंदलेल्या मूलनिवासींना आपला दर्जा न गमावता मत देता येऊ लागले ते १९६० मध्ये.

१२.
या ओळीत भारतीयांचाही इतिहास दडलेला आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९०७ साली भारतातून आलेल्यांचा मताधिकार काढून घेतला. कायद्यात त्यांच्यासाठी शब्द होता ‘हिंदू’. प्रत्यक्षात त्यांतले बहुसंख्य पंजाबी शीख होते. प्रांताने वंशाच्या कारणाने नाकारलेला हक्क संघीय निवडणुकीतही नाकारला जाई. तो परत मिळाला १९४७ मध्ये. त्यामुळे व्हँकुव्हरमधील एखाद्या मतदारसंघात १९२० च्या दशकात ‘७० टक्के मतदान’ असे कुठे लिहिलेले दिसले, तर ते शहरात राहणाऱ्या सर्व प्रौढांच्या ७० टक्के नसते. यादीत नाव असलेल्यांच्या ७० टक्के असते. यादीबाहेरच्यांसाठी साच्यात रकानाच नाही. त्यांच्यासाठी टीपच लिहावी लागते.

१३.
मग नावे. कॅनडाच्या मतदारसंघांच्या नावांत आखूड रेघ आणि लांब रेघ यांचे अर्थ वेगळे आहेत. ‘रिमूस्की-नेजेट—तेमिस्कुआता—ले बास्क’ या नावातली आखूड रेघ एकाच प्रदेशाच्या जोडनावातली आहे. लांब रेघा तीन वेगळे प्रदेश एकमेकांना जोडतात. लांबच्या जागी आखूड रेघ पडली, तर तीन प्रदेशांची सरमिसळ होते, आणि दुवाही तुटून लाल दिसू लागतो. तिच्या दोनशे संपादनांपैकी निदान पन्नास केवळ रेघा बदलणारी आहेत. नातलगांना हे सांगितले की ते हसतात.

१४.
‘मागील वेळेपेक्षा फरक’ हा स्तंभही सरळ नाही. लोकसंख्येनुसार सीमा वेळोवेळी बदलतात. २०१५ मध्ये जागा ३०८ वरून ३३८ झाल्या, २०२५ मध्ये ३४३. नव्याने आखलेल्या मतदारसंघाला ‘मागील वेळ’ नसते. म्हणून निवडणूक यंत्रणा जुन्या मतदान केंद्रांचे निकाल नव्या सीमांत बसवून आकडे प्रसिद्ध करते. ते उपयोगी असतात; पण त्या मतदारसंघाच्या नावाने ती मते कोणीही दिलेली नसतात. अशा आकड्यांवर ‘पुनर्वाटप केलेले’ ही खूण असलीच पाहिजे.

१५.
ओळींचा क्रमसुद्धा काही सांगत असतो. १९९३ साली लिबरल पक्षाने १७७ जागा जिंकल्या; ब्लॉक केबेकुआला ५४, रिफॉर्मला ५२, न्यू डेमोक्रॅटिकला ९ आणि सत्तेवरील प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला अवघ्या २ जागा मिळाल्या. जागांप्रमाणे ओळी लावल्या, तर मावळता सत्ताधारी पक्ष पाचवा. मतांप्रमाणे लावल्या, तर सुमारे १६ टक्के मते घेऊन तो तिसरा. ब्लॉकची मते केवळ १३.५ टक्के, पण ती एकाच प्रांतात एकवटलेली; म्हणून तो अधिकृत विरोधी पक्ष झाला. पहिला क्रम संसदेची गोष्ट सांगतो, दुसरा मतदारांची. तक्त्याच्या माथ्यावर क्रम कशाचा ते लिहिले, तर वाचकाला दोन्ही कळतात.

१६.
आणि मग एके दिवशी खरे शून्य आले. जून २०२४ मध्ये टोरांटो—सेंट पॉल्स मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदानपद्धतीचा निषेध म्हणून अनेकांनी अर्ज भरले होते. मतपत्रिकेवर ८४ नावे होती. त्यांतल्या एका उमेदवाराला एकही मत मिळाले नाही. कॅनडात उमेदवाराने त्याच मतदारसंघात राहण्याची अट नाही. हा उमेदवारही तिथला रहिवासी नव्हता, त्यामुळे त्याला स्वतःचे मतही स्वतःला देता आले नाही.

१७.
८४ ओळींचा तक्ता फोनच्या पडद्यावर मावत नाही. खालच्या ओळी एकत्र करून ‘इतर’ म्हणाव्यात, अशी सूचना कोणीतरी केली. तिने ती मानली नाही. मतपत्रिका हातात धरायलाही अवघड इतकी लांब होती, हाच तर त्या निवडणुकीचा इतिहास. तक्ता आटोपशीर केला की तो दिसेनासा होतो. तिने सर्व ओळी ठेवल्या, आणि शेवटच्या ओळीत मतांच्या रकान्यात ० लिहिले. इथे मत मागितले गेले होते, मोजणी झाली होती, आणि उत्तर शून्य आले होते. इतक्या वर्षांच्या कामात निःशंकपणे लिहिलेले तिचे ते पहिलेच शून्य.

१८.
हॅलिफॅक्सच्या पानावर आता मतदानाच्या टक्केवारीचा रकाना रिकामा आहे. त्याखाली टीप आहे : मतदारसंघ द्विसदस्य होता, प्रत्येकाला दोन मते होती, म्हणून एकूण मतांवरून मतदारांची संख्या काढता येत नाही. चर्चापानावर तिने त्या विद्यार्थ्याला उत्तर लिहिले. चूक आपली होती, शहराची नव्हती, हे पहिल्याच वाक्यात सांगितले. मग उघड मतदान, दोन मते आणि राखून ठेवलेले दुसरे मत यांविषयी लिहिले. आठवड्याने त्याचा निरोप आला. निबंधाचा विषय त्याने बदलला होता. तो आता हॅलिफॅक्सच्या दुसऱ्या मताविषयी लिहीत होता.