पिवळा दिवा आणि साबणाचं पाणी

डॅशबोर्डवर पिवळी कढई आणि तिच्यात उद्गारचिन्ह, असा दिवा लागला की माणूस गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात येतो आणि दारातूनच म्हणतो, "मिस्त्री, एवढा दिवा तेवढा घालवा." टायरला काय झालंय, हे विचारणारा विरळा. दिवा डोळ्यांत खुपतो, कमी झालेली हवा खुपत नाही. म्हणून पाना उचलायच्या आधी मी प्रश्न विचारत बसतो. गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्री वेळ काढतोय.

चावी फिरवल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो, की पहिल्यापासून सरळ लागतो? लुकलुकत असेल तर दुखणं हवेचं नव्हे, यंत्रणेचं. बहुतेक वेळा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती पाच ते दहा वर्षं टिकते, पण सेन्सरच्या आतच बंद केलेली असल्यामुळे सेन्सरच बदलावा लागतो. सरळ लागणारा दिवा मात्र खरं बोलत असतो. मग पुढचा प्रश्न : सकाळी लागून दुपारी आपोआप जातो का?

हिवाळ्यात अशा गाड्यांची रीघ लागते. आपल्याकडे पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास आणि दुपारी तिशीला. ३३ पीएसआयच्या टायरमध्ये दहा अंशांच्या फरकाला साधारण दीड पीएसआय इकडचा तिकडे होतो. त्यात माणूस पुण्याहून हायवेनं येतो, टायर हाताला चटका देईल इतके तापलेले असतात, आणि तसाच पंपावर जाऊन माप बघून ३३ करून घेतो. रात्रीत टायर गार झाला की तेच माप तिशीच्या खाली. कुणाची हवा गळालेली नाही, कुणी फसवलेलं नाही. माप घ्यायचं ते गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर, आणि आकडा बघायचा तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर. टायरच्या बाजूला छापलेला आकडा तो टायर जास्तीत जास्त किती सोसतो त्याचा. तेवढी हवा भरून, गाडी दगडावरून चालल्यासारखी का उडते, असं विचारायला येणारेही आहेत.

काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. हवा कमी झालेला टायर किंचित बसतो, त्याचा घेर कमी होतो आणि ते चाक इतरांपेक्षा थोडं जास्त फिरतं. ब्रेकच्या एबीएससाठी चाकांचा वेग मोजला जातोच, त्यावरून गाडी अंदाज बांधते. युक्ती छान आहे, पण चारही टायर सारखेच उतरले तर तिला पत्ता लागत नाही. अशा गाडीत हवा नीट भरूनही दिवा जात नाही, कारण मेनूत जाऊन 'आता हे माप बरोबर' असं तिला सांगावं लागतं. निम्मे लोक तिथंच अडतात. सेन्सरवाल्या गाडीची गंमत वेगळी. टायर पुढचे मागं, मागचे पुढं केले आणि जागा नव्यानं शिकवल्या नाहीत, तर पडदा पुढचं डावं चाक दाखवतो आणि हवा असते मागच्यात कमी. म्हणून पडद्यावर माझा अर्धाच विश्वास. गेज चारही चाकांना लावायचा.

हवा खरंच जात असेल तर खरा खेळ सुरू होतो. कोल्हापूरचे रस्ते टायरात काय काय घालतात, त्याची यादी मजेशीर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडच्या गाड्यांत लेथवरून निघालेली लोखंडाची कुरळी चिप सापडते. ऊस गाळपाच्या हंगामात बैलाच्या पत्रीचे खिळे. खिळा दिसला तर काम सोपं : रबर कुठून आणि किती तिरकं फाटलंय ते बघायचं, तळव्यात असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारायचा. बाहेरून खुपसलेली पट्टी घरापर्यंत नेते, तिच्या भरवशावर लांबचा प्रवास करू नये. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर हात जोडायचे, तो टायर गेला.

पण आठवड्याला तीन-चार पीएसआय खाणारं चाक खिळा दाखवत नाही. तिथं साबणाचं पाणी. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर एक थेंब, कारण दहा रुपयांची पिन सैल असल्यानं माणसं टायर बदलून बसलेली आहेत. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, मग रिमच्या काठानं गोल. इथं घाई करणाऱ्याला काही मिळत नाही. काठाची गळती बुडबुडा काढत नाही, मोहरीएवढा फेस सावकाश वाढत जातो. अलॉय रिमच्या काठाला पांढरी भुकटी धरलेली असते, अॅल्युमिनियमचा गंज. मालवण, वेंगुर्ल्याकडे राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या वाऱ्यानं तो जास्त. टायर उतरवायचा, तोही व्हॉल्व्हपासून लांब लिव्हर लावून, नाहीतर सेन्सर तुटतो आणि बिल कुठल्या कुठं जातं. काठ घासून स्वच्छ करायचा, सीलर लावायचा, पुन्हा बसवायचा.

कोकणात उतरणाऱ्यांना आणखी एक सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथं भरलेली हवा गगनबावड्याचा घाट उतरून किनाऱ्यावर मोजली, तर बाहेरचा दाब वाढल्यामुळे एखादा पीएसआय कमी दिसतो. तिथं घाबरून पंक्चरवाला शोधायचं कारण नाही. मात्र २०२० च्या नियमानं टायरदाबाची यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट दिलेल्या लहान गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली आहे. तेव्हा घाट उतरायच्या आधी डिकी उघडून आपल्या गाडीत नक्की काय आहे ते बघा.

परवा असंच काठ घासून चाक बसवलं, हवा भरली, दिवा गेला. पाव्हण्यांनी पाकीट काढलं. म्हटलं, "थांबा की. उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी घरीच गेज लावा. आकडा तोच आला तर या पैसे द्यायला."

"आणि नाही आला तर?"

"तर गाडी घेऊन या."