सुभेदारापाशी थांबणारी शिडी

5 जुलै 1960 रोजी, काँगो स्वतंत्र होऊन अवघे पाच दिवस झाले असताना, तेथील सैन्याचे बेल्जियन सेनापती जनरल जान्सेन यांनी लिओपोल्डव्हिलच्या छावणीत फळ्यावर एक समीकरण लिहिले. डाव्या बाजूला ‘स्वातंत्र्यापूर्वी’, उजव्या बाजूला ‘स्वातंत्र्यानंतर’ आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह. अधिकारपदाची आशा धरून बसलेल्या आफ्रिकी सैनिकांना त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागला नाही. बंडाला त्याच दिवशी तोंड फुटले. वसाहतवादी सत्तेने मागे ठेवलेल्या कागदपत्रांच्या ढिगात इतकी प्रांजळ संहिता क्वचितच आढळेल.

भारतात असे समीकरण कोणी फळ्यावर लिहिले नाही. 15 जानेवारी 1949 रोजी करिअप्पा सरसेनापती झाले आणि सत्तांतर शिस्तीत पार पडले. त्यामुळे सैन्याच्या निर्वसाहतीकरणाचा प्रश्न आपल्याकडे बंडाच्या रूपाने पुढे न येता, फार उशिरा, चिन्हांच्या आणि नावांच्या रूपाने आला. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. 4 डिसेंबर 2023 रोजी सिंधुदुर्ग येथे नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा झाली. परका शब्द काढावा, स्वकीय शब्द बसवावा, ही या सुधारणेमागची भूमिका आहे. मराठी समीक्षेला ही भूमिका अपरिचित नाही. देशीवादाच्या चर्चेत सुमारे चार दशके तिची उलटसुलट तपासणी चालली आहे.

या चर्चेचा अभ्यास करणारे बोर्डीचे एक निवृत्त मराठी शिक्षक मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडून बसले आहेत. वसाहतीच्या सैन्यात स्वकीय शब्दांची वाण कधी होती, असा त्यांचा प्रश्न आहे. सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, शिपाई हे सारे हुद्दे कंपनीच्या फौजेत पहिल्यापासून होते. इंग्रजी नावे वरच्या अर्ध्या भागाला, देशी नावे खालच्या अर्ध्या भागाला, अशी ती वाटणी होती. सुभेदार हा शब्द मुळात सुभ्याच्या अधिकाऱ्याचा. मराठी राज्यात गडावरचा हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अधिकारी. सबनीस आणि कारखानीस त्याच्या जोडीला असत. कंपनीने त्याच हवालदाराला तीन फितींचा सार्जंट केले, आणि सुभेदाराला अशा जागी बसवले की तीस वर्षांच्या नोकरीनंतरही कालच जहाजातून उतरलेला कोवळा लेफ्टनंट त्याच्या वर असे. शब्द हद्दपार झाला नाही, त्याची पदावनती झाली. 1917 नंतर थोड्या भारतीयांना राजाची सनद मिळू लागली, 1932 मध्ये डेहराडूनची संस्था उघडली. तोवर शिडी सुभेदारापाशी संपत होती, आणि ती कोठे संपते हे देशी शब्दच दाखवीत होता. 1965 मध्ये ‘जमादार’ जाऊन ‘नायब सुभेदार’ आला. तोपर्यंत उत्तर हिंदुस्थानात जमादार हे नाव झाडूवाल्याला लागले होते. सैन्याला ते नकोसे झाले त्याचे कारण तो शब्द परका होता हे नव्हते. तो फार खाली घसरला होता.

शब्दाचे कुळ पाहून त्याची सत्ता ओळखता येत नाही, असे गुरुजींचे म्हणणे आहे. त्यांना ते सुचले याचे एक कारण त्यांच्या वास्तव्यात असावे. बोर्डी हे मराठी आणि गुजराती यांच्या सांध्यावरचे गाव. 1960 मध्ये शेजारचा उंबरगाव तालुका गुजरातेत गेला. दमण आणि सिल्वासा ही पोर्तुगीज राजवटीची दोन्ही ठाणी येथून जवळ. येथल्या माणसाने ‘आपले’ आणि ‘परके’ या शब्दांच्या सीमा एका हयातीत दोनदा तीनदा हललेल्या पाहिल्या आहेत. खुद्द हा किनाराही 1739 पर्यंत पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात होता. त्या वर्षी चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत डहाणू, तारापूर मराठ्यांकडे आले.

गुरुजींच्या टेबलावर अनेक वर्षे एक निकालपत्र पडून आहे: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 12 एप्रिल 1960 चा निकाल, पोर्तुगाल विरुद्ध भारत. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. दमणहून तेथे सैन्य नेण्याची वाट भारताने अडवली, आणि त्या वाटेवर आपला हक्क असल्याचे सांगत पोर्तुगाल न्यायालयात गेले. पुराव्यादाखल 1779 चा पुणे दरबाराशी झालेला तह आणि 1783 व 1785 च्या सनदा पुढे आल्या. हेगच्या न्यायाधीशांना मग मराठी दप्तराच्या अन्वयार्थात शिरावे लागले. पेशव्यांनी दिले ते काय, सार्वभौमत्व की महसूल? न्यायालयाने ठरवले की दिला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल, जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचा. माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना हक्काने वाट नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकाने हा निकाल वाचावा तो ‘सरंजाम’ या एका शब्दासाठी. फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला गावांचा महसूल, हा त्याचा मराठेशाहीतला मुख्य अर्थ. म्हणजे घोडा, बारगीर आणि दाणावैरण यांचा हिशोब थेट कुणब्याच्या खळ्यापर्यंत पोचत असे. विसाव्या शतकात मराठी मार्क्सवाद्यांनी युरोपीय इतिहासातली एक संकल्पना मराठीत आणताना ‘सरंजामशाही’ हा शब्द योजला आणि सरंजाम हा दूषणवाचक झाला. हेगमध्ये मात्र त्याच जुन्या शब्दाने वसाहतवादी सत्तेचा दावा पातळ केला. एकाच शब्दाची ही तीन आयुष्ये डोळ्यांसमोर ठेवली तर वसाहतपूर्व काळात कोठेतरी एक निर्मळ स्वकीय सैन्यव्यवस्था होती आणि तिच्याकडे परतायचे आहे, ही कल्पना टिकत नाही. सरंजामी फौज आपली होती हे खरे. तिचा खर्च ज्याच्या खळ्यातून निघत होता त्याला ती कितपत आपली वाटत होती, हे दप्तरात लिहिलेले नाही.

पुढचा प्रसंग तर कादंबरीकाराने रचला असता तर कृत्रिम वाटला असता. डिसेंबर 1961 मध्ये दमण घेतले ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे जंगी पलटणीने. ही पलटण 1768 साली कंपनीने मुंबईत, मराठी राज्याच्या उंबरठ्यावर उभारलेली. साम्राज्यासाठी घडवलेल्या हत्याराने साम्राज्याचा एक तुकडा कापला. याच रेजिमेंटने ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रणगर्जना स्वीकारली ती 1941 मध्ये एरिट्रियात, इंग्रजांच्या झेंड्याखाली इटालियनांशी लढताना. त्या पूर्व आफ्रिकी मोहिमेतील भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या निधीतून खडकवासल्याच्या प्रबोधिनीची मुख्य इमारत, सुदान ब्लॉक, उभी राहिली. सुदान तेव्हा स्वतः पारतंत्र्यात होता. या धाग्यांतून वसाहतीचे आणि स्वतःचे असे दोन गुंडे वेगळे करू पाहणारा हात गुंतल्याशिवाय राहणार नाही.

सर्वांत अवघड गुंता महार रेजिमेंटच्या बिल्ल्यात आहे. 1857 नंतर आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत ‘लढवय्या जमाती’चा सिद्धांत भरतीचे सूत्र झाला आणि 1890 च्या दशकाच्या प्रारंभी महारांची भरती बंद पडली. 1894 मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र सिद्ध केले. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये पलटण उभी राहिली, गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडली. 1941 मध्ये बेळगावला रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ जाऊन तेथे खंजीर आला. निर्वसाहतीकरणाच्या सरळ व्याकरणात हा बदल बिनचूक बसतो, कारण तो कंपनीचा विजयस्तंभ. पण 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले आणि त्यानंतर तेथे जमणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ कंपनीने कोरला तो उरला नाही. ज्याला स्वकीय राज्यात माणूस म्हणून जागा नव्हती त्याने परक्याच्या दगडावर स्वतःचा इतिहास वाचला. तो वाचक चुकला असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या ‘स्व’ला आहे? आंबेडकरांनीच 1940 च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात लढवय्या आणि बिगरलढवय्या हा भेद कृत्रिम असल्याचे सैन्याच्या रचनेच्या आकड्यांनिशी दाखवले. वसाहतवादी वर्गीकरणाची इतकी कठोर चिकित्सा त्या काळच्या राष्ट्रवादी लेखनात सहसा आढळत नाही. ती करणारा सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा होता, ही गोष्ट आपली समीक्षा चरित्राच्या खात्यात टाकून मोकळी होते.

1949 मध्ये भरती सर्वांना खुली असल्याचे जाहीर झाले, सर्व जातींच्या मिश्र भरतीवर ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली, महार रेजिमेंटही मिश्र झाली. परंतु जुन्या जमातवार रेजिमेंट राहिल्या. नेताजींच्या आझाद हिंद सेनेतील सैनिकांना, तसेच 1946 च्या नाविक बंडातील खलाशांना, स्वतंत्र देशाच्या सैन्याने परत घेतले नाही. जान्सेनचे समीकरण येथे पुसट अक्षरांत वाचता येते. खरा बदल झाला तो कमी गाजलेल्या जागी. 1948 मध्ये सरसेनापतींचा दिल्लीतील वाडा पंतप्रधानांचे निवासस्थान झाला आणि 1 एप्रिल 1955 पासून सरसेनापती हे पदच गेले. फ्रांत्झ फॅनन यांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात सैनिकाला राजकीय भान देऊन सैन्य राष्ट्राचे करावे असे सुचवले होते; भारताने सैनिकाला राजकारणापासून दूर, छावणीत ठेवले. आफ्रिकेतील पुढच्या लष्करी राजवटी पाहता भारताची निवड शहाणपणाची ठरली. मात्र तिच्यामुळे छावणीच्या आतले वर्गीकरण चर्चेबाहेर राहिले.

फॅनन यांच्या त्याच ग्रंथात आणखी एक निरीक्षण आहे: वसाहतीत सत्तेचा प्रवक्ता म्हणून माणसासमोर येतो तो पोलीस किंवा सैनिक. तलासरीत हे कोणाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. मे 1945 मध्ये झरीच्या परिषदेनंतर वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, आणि 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. लढवय्यांच्या यादीत वारली कधीच नव्हते. महारांसारखी काढून घेतलेली जागाही त्यांच्याकडे नव्हती. बंदुकीशी त्यांचा संबंध नळीच्या पुढच्या टोकाचा. ‘हवालदार’ या शब्दाचा गडावरचा अर्थ किंवा पलटणीतला अर्थ येथे पोचलाच नाही. येथे तो दारात उभा राहणाऱ्या माणसाचे नाव होता.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडचा एक जुना विद्यार्थी गुरुजींकडे आला. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली होती आणि भरती यापुढे सर्व प्रांत, सर्व वर्ग या तत्त्वावर होईल असे जाहीर झाले होते. त्याला फॉर्म भरायचा होता.

“गुरुजी, मराठा पलटणीत वारली घेतात का?”

“नियमाने कोणालाही बंदी नाही. तू फॉर्म भर.”

“नियम वाचलाय मी. तिथं आमचं कोणी आहे का, ते विचारतोय.”

गुरुजींकडे निकालपत्र होते, आंबेडकरांचा ग्रंथ होता, परुळेकरांचे पुस्तक होते. या प्रश्नाचे उत्तर त्यांतल्या कशात नव्हते. मुलाने फार वाट पाहिली नाही. त्याला सोळाशे मीटरच्या धावण्याची काळजी अधिक होती. बोर्डीचा समुद्र ओहोटीला फार आत जातो आणि मागे राहिलेली वाळू घट्ट, सपाट असते. ओहोटी किती वाजता लागते ते त्याने विचारून घेतले.