नंबराची वाट पाहणारं गाव

वाझ नदी जिथे सेनला मिळते, तिथे पॅरिसच्या वायव्येला कोंफ्लां-सँत-ओनोरीन नावाचं गाव आहे. आज ते पॅरिसचं उपनगर. लोक सकाळी गाडी पकडून कामाला जातात. पण या गावाला नाव मिळवून दिलं ते घरदार पाण्यावर असलेल्या नावाड्यांनी, आणि तेही इथे खोळंबून राहून.

उत्तरेकडचा कोळसा घेऊन बोटी वाझवरून खाली यायच्या आणि संगमाशी थांबायच्या. एकोणिसाव्या शतकात इथून पॅरिसपर्यंत सेनच्या तळाशी लोखंडी साखळी टाकलेली होती. वाफेची टगबोट ती साखळी उचलून रहाटावर घ्यायची आणि मागे बोटींची रांग ओढत प्रवाहाविरुद्ध चढायची. रांग जुळेपर्यंत थांबणं आलंच. पुढे बोटींना इंजिनं आली, तरी थांबणं सुटलं नाही. आता मालासाठी नंबर लावावा लागे. ज्याचा नंबर आधी, त्याला भाडं निवडायचा हक्क आधी. ही पद्धत २००० साली बंद झाली. मला ती फार न्यायाची वाटते. एकच बोट असलेल्या कुटुंबाला मोठ्या व्यापाऱ्यासमोर उभं राहायला तिने बळ दिलं.

ते कुटुंब राहायचं कसं? १८७९ च्या फ्रेसिने कायद्याने कालव्यांच्या जलपाशांचं (लॉकचं) माप ठरलं आणि बोटही त्या मापाची झाली: ३८.५ मीटर लांब, जेमतेम ५ मीटर रुंद. जवळजवळ सगळी जागा मालाची. संसार मागच्या टोकाला, एका खोलीत: खिडकीला लेसचा पडदा, घासून लख्ख केलेलं पितळ, आणि डेकवर रांगतं मूल पाण्यात पडू नये म्हणून कमरेला बांधलेली दोरी. शाळेचं वय झालं की तेच मूल वसतिगृहात जायचं आणि आईबापांची बोट पुढे निघायची. या ताटातुटीचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

थांबलेल्या माणसांसाठी काठाला आणखी एक बोट कायमची थांबली. ‘ज सेर’, काँक्रीटची, मुळात कोळसा वाहायला बांधलेली. १९३० च्या दशकात फादर बेलांजे यांनी तिच्या पोटात नावाड्यांसाठी चॅपेल उभारलं. अलीकडच्या काळात तिबेटी निर्वासितांना तिथे जेवण आणि आसरा मिळाला. नावाडी कमी झाले, तरी तिचं दार उघडं राहिलं, ही या गावाची मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

वर टेकडीवरच्या वाड्यात १९६७ पासून नौकानयनाचं संग्रहालय आहे. खाली नदीवर मात्र काम संपलेलं नाही. वाझला उत्तरेकडच्या जलमार्गांशी जोडणारा १०७ किलोमीटरचा नवा कालवा खोदला जातो आहे. त्यातून ४४०० टनांपर्यंतचा माल एका खेपेत जाईल. रस्त्यावरचे ट्रक त्याने कमी होणार असतील, तर तो व्हायलाच हवा. पण जुन्या अरुंद कालव्यांतला गाळही त्याच आस्थेने काढत राहायला हवा, कारण ३८.५ मीटरच्या बोटीवर अजूनही कुणाचं तरी पोट आहे.