शिरोड्याचा टाका

बाळंतपण "नॉर्मल" झालं असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की सिझर करावं लागलं नाही. मूल किती आठवड्यांचं होतं, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची पहिली मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, ३८ दिवस काचेच्या पेटीत राहिली. तीनेक वर्षांनी बहीण पुन्हा गरोदर राहून माहेरी फोंड्याला आली. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिली डिलिव्हरी?" बहिणीच्या आधी आई म्हणाली, "नॉर्मल."

आई खोटं बोलली नव्हती. शुभकार्याच्या तोंडावर गेलेलं उगाळू नये, हा तिचा धर्म. शिवाय लेकीच्या कुशीला दोष चिकटू नये, ही धास्ती. बहिणीने मुकाट्याने जुनं डिस्चार्ज कार्ड टेबलावर ठेवलं. आमच्या कचेरीत मागचे कागद जोडल्याशिवाय साधी रजेची फाईलसुद्धा पुढच्या टेबलावर सरकत नाही. इथे तर जिवाचा प्रश्न!

३७ आठवडे पुरे होण्याआधीचा जन्म तो अपुऱ्या दिवसांचा. कळा आपोआप सुरू होऊन एकदा असं झालं, तर पुढच्या खेपेला ते पुन्हा होण्याचं प्रमाण दहांत साधारण तीन. म्हणजे दहांतल्या सात जणींचे दिवस पुरे भरतात, हेही त्याच आकड्यात आहे. पण तो आकडा ऐकताना माणसाला सात ऐकूच येत नाहीत... पहिलं मूल जितकं आधी आलेलं, तितका धोका जास्त. दोन खेपांत अंतर फार कमी असलं, लघवीचा किंवा योनीमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, तंबाखू असली (मशेरीही त्यातच आली!), तरी तो वाढतो. आणि पहिल्या वेळी रक्तदाबामुळे डॉक्टरांनीच मूल लवकर काढलं असेल, तर उपायांची वाटच वेगळी. म्हणून नुसतं "लवकर झालं" सांगून भागत नाही. का झालं तेही सांगावं लागतं.

बहिणीच्या बाबतीत सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफीने गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजली. २५ मिलिमीटरच्या खाली आली की सावध व्हायचं. विसाव्या आठवड्यात ती २२ भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाका घालूया."

या टाक्याशी आपल्या मातीचं नातं आहे, हे मला तेव्हा कळलं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गाव शिरोडा. खांडेकर मास्तर होते ते वेंगुर्ल्याकडचं शिरोडं नव्हे. आमच्या फोंडा तालुक्यातलं, कामाक्षीचं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते तिथेच प्राध्यापक झाले. ज्या बायकांचा गर्भ मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा पडतो, त्यांच्यापैकी काहींचं गर्भाशयाचं मुखच कमकुवत असतं, हे ओळखून त्यांनी ते बांधून ठेवायची शस्त्रक्रिया बसवली. आधी बाईच्या मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती वापरत. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत "शिरोडकर" हा शब्द आहे. आणि आमच्याकडे विचाराल तर नाटक-भजनातले शिरोडकर आधी आठवतील. खरं सांगायचं तर बहिणीला घातला तो मॅकडोनल्ड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांचा, १९५७ सालचा सुटसुटीत टाका. पण मी घरी शिरोड्याचाच म्हणते!

हा टाका सर्वांसाठी नाही. मुखाची लांबी चांगली असेल तर त्याचा उपयोग नाही; काहींना योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. आईचा मात्र तिसऱ्याच उपायावर भरवसा होता. तिने बहिणीला पलंगावरून उठूच दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं की नुसतं पडून राहिल्याने प्रसूती लांबते असं सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. आईने मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा पलंग झटकला. फुलं माळायचा कार्यक्रमही तिने रद्द केला. तो मला लागला.

सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला. त्यानंतरही भाचेराव नऊ दिवस आरामात आत बसून होते.

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" असं जुन्या बायका अजून म्हणतात. हे साफ उलटं आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा मुलाच्या फुप्फुसांना बळ देतो. लवकर कळा सुरू झाल्या आणि वेळेत पोचलं, तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन ती फुप्फुसं तयार करता येतात. त्याला एक-दोन दिवस हाती लागतात. त्यामुळे सहाव्या महिन्यापासून बाळंतविड्याच्या यादीत आम्ही आणखी एक ओळ लिहिली होती: रात्री कळा आल्याच, तर बांबोळीपर्यंत गाडी कोणाची?