चुकीची नोंद खोडू नये

बँकेत रुजू झालो तेव्हा वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात एक धडा दिला होता. खतावणीत चूक झाली तर ती खरवडून काढायची नाही. मूळ नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची उलट नोंद घालायची. मुलीकडे अमेरिकेस गेलो असता एका जुन्या न्यायालयात या धड्याची पुन्हा आठवण झाली.

अलाबामा राज्यात मन्रोव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील चौकात लाल विटांचे, घुमट आणि घड्याळ असलेले १९०३ सालचे न्यायालय उभे आहे. १९६३ मध्ये शेजारी नवी इमारत झाली आणि न्यायदान तिकडे गेले. परंतु लेखिका हार्पर ली याच गावच्या. वकील असलेल्या वडिलांचे काम पाहण्यास त्या लहानपणी येथे येत. निरपराध कृष्णवर्णीयास न्याय नाकारला गेल्याची कथा सांगणारी त्यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे चित्रपटासाठी येथील दालनाची प्रतिकृती हॉलिवूडमध्ये उभारण्यात आली.

आज ही वास्तू संग्रहालय आहे. जीर्णोद्धार करताना दालनाला १९३० च्या दशकातील रूप पुन्हा देण्यात आले. वरचा वळणदार सज्जाही कायम आहे. वर्णभेदाच्या त्या काळी कृष्णवर्णीयांना तेथेच बसावे लागे. गावकरी दरवर्षी येथे कादंबरीचे नाटक करतात आणि ज्युरी प्रेक्षकांतून निवडतात. सज्जा पाहून वाटले, या गावाने आपली चुकीची नोंद खोडलेली नाही.

पण कथा येथे संपत नाही. नाटकाचे प्रयोग सुरू झाले त्याच सुमारास, याच परगण्यातील वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय मनुष्य न केलेल्या खुनासाठी फाशीची वाट पाहत तुरुंगात होता. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या प्रयत्नांनी तो १९९३ मध्ये निर्दोष सुटला. उलट नोंद झाली खरी, पण गेलेली सहा वर्षे परत आली नाहीत. जुन्या अन्यायाबद्दल हळहळणाऱ्या गावाला समोरचा अन्याय दिसला नव्हता.

हे समजल्यावर मी खजील झालो, कारण माझे स्वतःचे आचरण काही वेगळे नव्हते. दरवर्षी सांवत्सरिक प्रतिक्रमणानंतर मी शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश पाठवतो. वडिलोपार्जित दुकानाच्या वाटणीवरून ज्याच्याशी माझे बोलणे तुटले, तो धाकटा भाऊही त्याच यादीत असतो. त्या वेळचा हिशेब मी मांडला होता आणि त्यात चूक माझी होती, हे मला ठाऊक आहे. सर्वांची क्षमा मागणे सोपे. ज्याचे खाते चुकले त्याच्यासमोर चूक कबूल करणे अवघड.

त्या रात्री मुलीच्या घरून मी भावाला फोन केला. संवत्सरीला अजून तीन महिने अवकाश होता.